अर्धी काढायची की अख्खी

आर. के. पुरम, दिल्ली
मंगळवार

ती. सुनेत्राताईस,
कल्पनाचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींची शुगर जागच्या जागी असेल असं धरून चालते, कारण विचारत बसले तर पान तिथंच संपेल. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं, तेव्हा चुका काढू नकोस. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि भावजी मधेच खोकतात.

तर माझ्या गळ्यात गाठ निघालीय. शोधली वरच्या मजल्यावरच्या उल्कानं, आमच्याच हळदीकुंकवाला. मी दूध पीत होते तर ही ओरडली, "कल्पना, यार, तुझ्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय!" मग काय, सगळ्या बायका भोवती. परत पी, परत पी करत मला तांब्याभर दूध पाजलं, प्रत्येकीनं बोटानं दाबून पाहिलं आणि तोंडं पाडून गेल्या. (वाणाचे डबे मात्र एकही विसरली नाही.)

सोनोग्राफीवाली म्हणाली, गाठ दिसायला चांगली नाही. (मी तरी कुठं आहे.) मग गळ्यात सुई घातली. माल कमी आला म्हणून पुन्हा घातली. एवढी मोठी दिल्ली, एवढाली मशिनं, आणि उत्तर काय, तर कॅन्सर आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, अशा बऱ्याच गाठी साध्याच निघतात, काही निघत नाहीत, गळ्यातली अर्धी थायरॉईड ग्रंथी काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे वांगं किडकं आहे का ते चिरल्यावर कळणार! आवाज बसू शकतो असंही म्हणाल्या. तेव्हा आमच्या ह्यांच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा तजेला आला.

मग बाईंनी विचारलं, "खानदान में किसी को गले का कैंसर?" मी तोंड उघडायच्या आत हे छाती काढून बोलले, "जी नहीं, बिल्कुल नहीं!" लाच घेतली का विचारल्यासारखे. बाई म्हणाल्या, नीट आठवा, असेल तर आणखी एक रक्ताची तपासणी लागेल आणि कदाचित अर्धी नाही, अख्खी ग्रंथी काढावी लागेल. हे पुन्हा म्हणाले, नाही. बाहेर स्कूटरला किक मारता मारता मला म्हणतात, "आपल्या रसिकाचं स्थळ पुण्याचं आहे. कॅन्सरचं घराणं म्हणाले तर? अर्धीच काढू, गुपचूप उरकू." आणि मी, जी भाजीवाल्याला सोडत नाही, गप्प मागे बसले.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. घाबरायचं काही कारण नाही, मी घाबरलेली नाही. भावजींना नमस्कार.

तुझी
कल्पना

ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईच्या घशात गळू झालं आणि त्यात ती गेली, असं माझ्या लग्नात सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच सांगितलं. तू तिच्याबरोबर मुंबईच्या हॉस्पिटलात होतीस. गळवासाठी सोलापूरहून मुंबईला नेतात का गं? माझं लग्न मोडू नये म्हणून लपवलंस, त्याचा राग नाही. पण आता खरं सांग. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर, गच्चीवर जाऊन कर. ह्यांना न विचारता मी बाईंना सांगणार आहे. स्थळ गेलं तर जाऊ दे. उद्या रसिकाच्या गळ्यात काही निघालं, तर तिनं तरी काय सांगायचं?

आणखी एक. घाबरलेली नाही हे वर खोटं लिहिलं, आता खोडत बसत नाही. आणि दिवाळीच्या फोटोत तू गळ्याला ओढणी गुंडाळून बसलीयस. सोलापुरात, त्या उकाड्यात. तुझ्या सुधन्वासाठी मुली बघताय, मला ठाऊक आहे. लग्न उरकू दे मग बघू, असं म्हणशील तर दिल्लीहून येऊन ओढणी मी काढीन. त्यापेक्षा तूच पहिल्या गाडीनं ये. दोघी मिळून दाखवू.