हातावरचं दही

नंदनवन, नागपूर
१२ मे १९८१

वॉल्टर,

(आज 'साहेब' लिहीत नाही.)

पेपरात तुमचा फोटो आलाय. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रचारात राबलात म्हणून राजदूत नेमलं, असं छापलंय. बाबा असते तर चिडले असते. वर्षभर तुम्हाला मराठी शिकवताना ते म्हणायचे, "हा पोरगा पायरी पायरीनं चढेल." मी नाही चिडले. राजदूत व्हायचं तेव्हापासून तुमच्या मनात होतं; कसे का होईना, झालात.

पासष्ट साली तुमची इथून दिल्लीच्या वकिलातीत बदली झाली. निघताना मी तुमच्या तळहातावर दही ठेवलं, तर तुम्ही गोंधळून खिशातला रुमाल काढलात. मी म्हटलं, "पुसू नका, खा." आमच्या दूधवाल्याकडून उचललेल्या बोलीत तुम्ही विचारलंत, "काहून वं?"

"मनातलं काम होतं," मी म्हटलं. बाबा दारातच उभे होते. दही खाऊन निघालेला माणूस परत घरी येतो, असंही म्हणतात. तेवढं मी गिळलं.

पुढे तुम्ही दिल्ली, मनिला, वॉशिंग्टन करत वर गेलात. इकडे मी तीन स्थळं नाकारली. बाबांनी कारण विचारलं, तेव्हा शाळेतली नोकरी पुढे केली.

अभिनंदनाचं कार्ड इंग्रजीत लिहून झालंय, ते उद्या टाकीन. हे पत्र ट्रंकेत राहील.

दह्याचा काही दोष नाही. मी तोंडानं जेवढं मागितलं, तेवढं त्यानं पुरं केलं.

तुमच्या मास्तरांची मुलगी,
चारुशीला