खडूनं आखलेली पाठ

नागपूर, १२ फेब्रुवारी १९७४

आईस सुखदेवचा जय भीम.

मी मजेत आहे. मेसचं वरण अजून पातळच, पण पोट भरतं.

काल पाठीचे स्नायू शिकवताना बोधनकर सरांनी विचारलं, "सदरा कोण काढतं?" सगळे खाली बघू लागले, म्हणून मीच उठलो. मिरचीची पोती वाहिलेली पाठ बघून सर खूष झाले. मानेपासून खांद्यांवर पसरलेला स्नायू, कमरेपासून दंडात गेलेला स्नायू, सगळं त्यांनी माझ्या पाठीवर खडूनं आखलं. कमरेशी कातडीखाली चिवट पांढरा पडदा असतो. तिथं बोट ठेवून म्हणाले, "ओझ्याचा ताण इथं येतो."

वर्गानं वह्या भरल्या. नंतर माझा खोलीसोबती वसंता हसून म्हणाला, "काहून गा सुखदेव, सारे शिकले, तुले काय दिसलं?" खरंच, मला माझी पाठ दिसलीच नाही. आणि सोमवारी पाठीच्या स्नायूंचीच तोंडी परीक्षा आहे.

बाबांची कंबर अजून धरते का? पोती उचलू देऊ नकोस.

रविवारी सकाळच्या एसटीनं भिवापूरला येतो. बाबांना अंगणात उघड्या पाठीनं बसवून ठेव. खडू मी आणतो, तेल तू कोमट कर. अभ्यास झाला की चोळून देईन.

तुझा
सुखदेव