गजरेवालीचे हात

मालेगाव, रविवार, २० जानेवारी १९७४

नागपूरहून दिवेलागणीला घरी पोचले. पाय भरून आलेत, पण जेवायच्या आधी हे लिहायलाच हवं. मला हात काढता आले!

शाळेत चित्रकला शिकवते खरी, पण माझ्या चित्रातल्या बायका हात कायम पदराखाली लपवतात. "एकटी कायले जातं?" आईनं निघताना विचारलं होतं. मला तरी कुठं ठाऊक होतं? दोन दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच हवं होतं.

काल सीताबर्डीत एक म्हातारी गजरे ओवत होती. समोरच्या पायरीवर बसून तिचे हात काढत राहिले. किती कागद फुकट गेले! मग एकदाचा अंगठा वळला, पाठोपाठ बोटंही आली. तेवढ्यात म्हातारीनं कागद ओढून घेतला. वाटलं, आता रागावते.

"अवो बाई, हे तं माहेच हात! हे वाकडं बोट पाह्यलं का? लहानपणापासून असंच हाये."

इतकी हसली की चित्र तिलाच देऊन आले. वेडेपणा केला का? आता दाखवायला काहीच नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग माहे काढ." हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी समोर बसलीय. आधी पेन्सिलीला टोक काढते.