तिसरं पेडल

ईदा, १२ ऑक्टोबर

चि. मिएकोस,
तोकुजीदादाचे आशीर्वाद. द्राक्षं पोचली. तुझ्या हिसानोवहिनीने ती शेजारीपाजारी वाटून टाकली आणि संध्याकाळी, कुणी खाल्ली म्हणून माझ्यावरच रुसली.

हसू नकोस. मंगळवारी ती पुन्हा गाडी घेऊन गेली, तात्सुरोला शाळेतून आणायला. तात्सुरो ओसाकात दोन मुलांचा बाप झालाय आणि ती शाळा केव्हाच बंद पडली. तिथल्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून बसली होती. तिला शोधायला जाताना दरीच्या वळणावर आपल्या गाडीचा आरसा पडलेला दिसला, तेव्हा कठड्यावरून वाकून आधी खाली दरीत बघितलं.

गॅरेजवाल्या नोगावाकडे अशीच एक मोडकी वॅगन आहे. तिचा गिअरबॉक्स आणि क्लच काढून आपल्या गाडीला बसवतो म्हणतो. हिसानोचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं. क्लचचं पेडल दाबल्याशिवाय ही गाडी सुरूच होणार नाही, आणि ते तिला येत नाही. तुला काय वाटतं ते कळव. माया असू दे.
दादा

मात्सुमोतो, १७ ऑक्टोबर

ति. दादास,
मिएकोचा नमस्कार. पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. पण एवढा उपद्व्याप कशाला? किल्ली लपव, नाहीतर गाडी विकून टाक.

पन्नाशीत लायसन्स मिळालं तेव्हा वहिनी गल्लीभर लाल चवळीचा भात वाटत फिरली होती. तिला चालवता यावी म्हणून तू तुझी लाडकी क्लचची गाडी देऊन ही घेतलीस. तेव्हा मी तुला बायकोचा बैल म्हटलं, ते अजून मागे घेतलेलं नाही. आता तिचीच गाडी तिला परकी करणार? तिला फार लागेल रे.

वेळेवर जेवत जा. रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.
तुझी मिएको

ईदा, ३ नोव्हेंबर

चि. मिएकोस,
आशीर्वाद. किल्ली तांदळाच्या डब्यात लपवून पाहिली. आपणच हरवली असं समजून ती दिवसभर घर उपसत राहिली. स्वतःच्या कपाळावर मारून घेत माझी माफी मागत होती. ते पुन्हा बघवणार नाही. गाडी विकावी तर इस्पितळाकडे जाणारी बस बंद झालीय.

नोगावाने काम पुरं केलं. क्लचचं पेडल बसवलं, गिअरच्या दांड्यासाठी दोन सीटांमधली पट्टी कापली, तारा नव्याने जोडल्या. मी फेरी मारून आलो. इतक्या वर्षांनी डाव्या पायाला सगळं आठवलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच लाज वाटली.

उद्या गाडी घरी आणतो. आम्हा दोघांवर लोभ ठेव.
दादा

ईदा, ९ नोव्हेंबर

चि. मिएकोस,
आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

हिसानो गाडीत बसली. किल्ली फिरवली, काही झालं नाही. मग वाकून पायाशी बघितलं. त्या तिसऱ्या पेडलवर हलकेच पाऊल टेकवलं आणि लगेच उचललं. ती रागावली नाही, रडली नाही. खाली उतरली, दार हळू लावलं आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला.

म्हणाली, "माफ करा हं, चुकून तुमच्या गाडीत बसले. माझी गाडी आमच्या ह्यांनी नेलीय. येतीलच इतक्यात."

तेव्हापासून किल्ली खिळ्याला उघडी टांगलेली असते. ती हात लावत नाही. मला हवं होतं तसंच झालं म्हणायचं. संध्याकाळ झाली की घराच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. गार पडलं की मी तिला आत आणतो. मग ती पाहुण्यांचा कप काढून मला चहा देते आणि म्हणते, ते येईपर्यंत बसा ना.

मी बसतो.
दादा