चाळीस ग्रॅमचा मळ

३ एप्रिल
आलं: पाठीवरची पिशवी एक, जाड बूट एक जोड, पिसं भरलेली झोपायची पिशवी एक — तीही कुणाची तरी जुनी! एकूण चार हजार सातशे पन्नास. हे म्हणतात, "डोंगर फुकट असतो ग." फुकटच्या डोंगराला पावणेपाच हजारांचा साज!

५ एप्रिल
छत्तीस वर्षं कचेरीत खुर्ची झिजवली. निवृत्तीला महिना झाला नाही तोच पायांना पंख फुटले. आज माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजे तोलत होते. दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीनं कापली — पाठीवरचं वजन वाचतं म्हणे! म्हटलं, पोट कमी करा, पाच किलो वाचेल.

२० एप्रिल
जंगलातली वाट चालून आले. अकरा दिवस. काय पाहिलं? "पालवी फुटताना पाहिली." मागच्या दारच्या झाडाला काय शिंगं फुटतात?

९ ऑगस्ट
समुद्रकाठच्या कड्यांवर हिंडून आले. नाकाचं सालपट निघालंय. "तू चल एकदा. पुढे नुसतं पाणी, मागे नुसतं गवत. देवळात बसल्यासारखं वाटतं."
देवाला माझा पत्ता ठाऊक आहे. तो घरपोच येतो.

११ ऑक्टोबर
झोपायच्या पिशवीला असा कुबट वास की नाक धरावं! हे दातांच्या डॉक्टरकडे गेलेले. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, धोपटणं. पिळून काढली, उन्हात टाकली. पिसांचे गोळे झाले ते बोटांनी जमतील तेवढे सारखे केले. थोडी पिसं मोरीत गेली. पण चकाचक!

१२ ऑक्टोबर
ह्यांनी पिशवी तोलली. चाळीस ग्रॅम कमी! पोरासारखे नाचले.
"कमी कसं ग झालं?"
"मळ होता तेवढा!"
"तुझ्या हाताला तोड नाही!"
चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तेही मळाबद्दल.

२ डिसेंबर
बर्फातली खिंड चढायला निघाले. एकटेच. थोरल्या लेकीनं पत्रात लिहिलंय, "आई, बाबांना अडव ना." वळूला अडवावं एक वेळ! पायथ्याच्या धर्मशाळेत थंड हवेची सवय करत बसणार, सतरा तारखेला वर जाणार. वर दोन रात्री तंबूत. धर्मशाळेत फोन नाही. एक दिवसाआड टपालाची गाडी जाते.

८ डिसेंबर
गाद्यावाला कापूस पिंजायला आला होता. ऐटीत सांगितलं, आम्ही पिसांची पिशवीसुद्धा घरी धुतो. त्याचा हात थांबला.
"बाई, पिळलीत?"
"पिळली."
"सोड्यात घातली होती?"
"मग!"
"मग संपलं. पिसं फुलली तर ऊब. गोळ्यात कसली ऊब? दोन कापडं उरली नुसती. असो, घरात काय, वरून चादर घ्यायची."
त्याला चहा विचारायचाही राहिला.
जपाला बसले. मणी पुढे सरकेना.

९ डिसेंबर
धर्मशाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं. नक्कल:
"पिशवी मी धुतली आणि बिघडवली. उजेडाकडे धरून पाहा, गोळे दिसतील. चूक माझी. वर चढू नका. गेलात तर माझ्या गळ्याची शपथ. वाटेल ते भाडं पडो, दोन घोंगड्या घ्या आणि खालीच थांबा. पत्र पोचल्याचं उलट टपाली कळवा. एक ओळ पुरे. अक्षर मात्र तुमच्या हातचं हवं."