वातुगेदेतला न कापलेला पट्टा

अहो,

इतकी वर्षं तुम्हाला हाक मारली ती एवढीच, तेव्हा पत्रातही हीच. मी कालच जावाहून परत आले. मुग्धा कॉलेजला गेली आहे, खाली समुद्रात जहाजं नेहमीसारखी रांगेत थांबली आहेत, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. मरण आलं म्हणून सुटलात असं समजू नका!

मला तुमचा संशय होता. कधी जाणवलं का हो तुम्हाला?

"सुराबायाला जहाज दुरुस्तीला लागलंय," असं सांगून तुम्ही जायचात आणि परत आलात की पँटच्या दुमडीत चिखल असायचा. अहो, मी महाडकडची, भाताच्या खाचरात वाढलेली पोरगी. गोदीतली घाण काळी आणि तेलकट असते. हा चिखल मऊ होता, वाळला की पापुद्र्यासारखा निघायचा. भाताच्या शेतात कुठलं जहाज दुरुस्त करत होतात तुम्ही? विचारलं तर म्हणालात, "बंदरात पाऊस होता." मी पँट झटकून धुवायला टाकली. मनात मात्र एक बाई उभी केली, तिचं नाव तेवढं कळायचं बाकी होतं.

तुम्ही गेलात तेव्हा सगळे भेटायला येऊन गेले. बोट लाइनवाले आले, महाराष्ट्र मंडळातले आले. मी प्रत्येकीकडे बघत होते, यात एखादी अनोळखी रडतेय का! नवरा गेलेल्या बाईला असले विचार सुचावेत, ही वेळ तुम्हीच आणलीत माझ्यावर.

मग गेल्या महिन्यात सुगेंग आला. तुमच्या हाताखाली इंजिन रूममध्ये होता तो. दारातच चपला काढून उभा राहिला.

"मॅडम, पाडी रेडी. यू कम, यू कट."

"कसली पाडी? कोणाची?"

"पाडी ऑफ सर. लास्ट टाइम सर प्लांट. माय मदर नॉट कट. शी से, वाइफ मस्ट कम."

म्हणजे तुम्ही भात लावलात? तुम्ही? लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात माझ्या माहेरी लावणी चालू होती, तेव्हा बूट घालून बांधावर बसून चहा पिणारे गिरगावचे जावई ते तुम्हीच ना? माझा भाऊ अजून तुमची नक्कल करतो. मला सुगेंगचा एक शब्द पटला नाही. मला वाटलं, कापणीचं निमित्त करून मला तिथे नेणार आणि एखादं पोर पुढे करणार.

मुग्धा इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आई, जस्ट गो लाह. घरी बसून इमॅजिन करत बसशील, त्यापेक्षा बघून ये."

गेले. सुराबायापर्यंत विमान, मग बस, मग एक खटारा व्हॅन, आणि शेवटी चढावर पायी. नकाशात शोधलं तर ते गाव सापडलं नव्हतं. वातुगेदे, सुगेंगचं गाव. वेशीवर एक मोठा दगड आहे आणि दगडाच्या अंगाला लवंगा वाळत घातलेल्या. तुमच्या शर्टाला येणारा वास हा! मी त्याला अत्तर समजत होते. वरच्या झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून पायरीपायरीने खाचरांत उतरतं. पाणी सोडण्यावरून दोघे बांधावर हातवारे करत भांडत होते, शब्द कळत नव्हते, भांडण मात्र थेट आमच्या गावचं होतं. गाव नमाज पढणारं, पण कापणीआधी बांधावर केळीच्या पानात भात ठेवतात. भाताच्या देवीचं तिथलं नाव श्री. तिला पातं दिसलं तर ती घाबरते, म्हणून विळा वापरत नाहीत. तळहातात लपेल एवढं छोटं पातं असतं, त्याने बायका एकेक लोंबी खुडतात.

हे सगळं मी तेव्हा नीट पाहिलं असं म्हणत नाही. मी पोरांची नाकं पाहत होते. तुमचं ते पोपटासारखं नाक कुठे उमटलंय का, हे तपासत होते! सगळी नाकं बसकी. तरी समाधान होईना. एक तरणी बाई कॉफी घेऊन आली, तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, हीच.

सुगेंगच्या ओसरीवर बायका जमल्या. आपापसांत कुजबुजल्या, माझ्या हातांकडे पाहून हसल्या. शेवटी सुगेंगच्या म्हाताऱ्या आईने काहीतरी विचारलं. सुगेंग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, सॉरी. दे आस्क, यू रिअली वाइफ?"

मी उडालेच! मी त्यांच्यावर संशय घेऊन आले होते, आणि त्यांचा संशय माझ्यावर! म्हातारीचं म्हणणं असं, की हा माणूस दर लावणीला बायकोच्या गोष्टी सांगायचा आणि "पुढच्या खेपेला आणतो" म्हणायचा. बायको कधी आली नाही. गावाने ठरवून टाकलं, याला बायकोच नाही, बिचारा रचून सांगतो. कॉफीवाली मला निरखत होती ती त्यासाठी.

बघा, काय करून ठेवलंत! तिकडे बायको आहे म्हणून सांगत होतात आणि इकडे गाव आहे हे सांगत नव्हतात.

त्या गावात ज्याने लावलं त्याच्याच घरच्या बाईने कापायचं. आजवर तुमचा पट्टा म्हातारी, तुमचं मन राखायला, माझ्या नावाने कापत होती. या वेळी तिने नकार दिला. माणूस गेला, आता उसना हात चालणार नाही म्हणाली. सगळं शिवार कापून झालं होतं. मधोमध तुमचा एक पट्टा उभा होता, पार वाकलेला, आणि चिमण्या त्याच्यावर ताव मारत होत्या.

मी साडी खोचली आणि उतरले. पाय चिखलात बरोबर बसले. ते पातं मात्र हातात राहीना, दोनदा बोट कापून घेतलं. म्हातारीने माझी मूठ धरून दाखवलं. चार लोंब्या खुडल्या आणि थांबले. अहो, ही काय लावणी आहे? रोपांचा एक चूड इथे, दुसरा तिथे, मध्ये म्हैस बसेल एवढी जागा! इतकी वाकडी ओळ आमच्याकडे पोरंसुद्धा लावत नाहीत. मला हसू फुटलं. बायकाही हसायला लागल्या.

"यांनी मला आधी का नाही आणलं?" मी सुगेंगला विचारलं.

त्याने आईला विचारलं आणि सांगितलं, "सर से, माय वाइफ प्लांट व्हेरी स्ट्रेट. माय लाइन स्ट्रेट फर्स्ट, देन आय ब्रिंग."

तिथेच, गुडघाभर चिखलात, मी रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते. तेव्हा मध्ये ती बाई होती ना.

आता मला सांगा, ओळ सरळ येईपर्यंत कशाला थांबलात? वाकडी ओळ बघायला मी आले नसते का? मी हसले असते, भावाला कळवलं असतं, जन्मभर चिडवलं असतं. पण उतरले असते की नाही तुमच्या शेजारी? दोघांनी मिळून लावायला मिळालं असतं ते, आणि तुम्ही ते एकट्याने लपवून लपवून केलंत. याचा राग आहे मला. तो जाणार नाही.

आणि संशय पुरता फिटलाय असंही समजू नका. कॉफी फारच गोड होती.

निघताना म्हातारीने विचारलं, आता हा पट्टा कोण लावणार? मी स्वतःकडे बोट दाखवलं. तर ऐका, पुढच्या लावणीला मी जाणार, आणि कापायला मुग्धा येणार. तसं वचन देते. आणि घरातून निघताना, कुठे चालले आहे ते मी तिला सांगून जाईन.

तुमचीच, आणि आता वातुगेदेलाही हे मान्य आहे,
नलिनी