शीळकरी कस्तूर आढळला नाही

बाबा,

१. वज्रेश्वरीच्या वरच्या ओढ्यावर जानेवारीत तीन सकाळी मी पक्ष्यांची पाहणी केली. तिथे गोदाम होणार आहे.
२. शीळकरी कस्तूर दिसला नाही. त्याचा आवाजही आला नाही.
३. पाण्यालगतच्या सपाट खडकावर खेकड्यांच्या तुटक्या नांग्या आणि गोगलगायींचे फुटके शंख होते. मी फोटो काढला.
४. अहवालात लिहिलं: कस्तूर आढळला नाही. खडकाचा उल्लेख केला नाही.
५. त्या अहवालावर ओढा पाइपात घालून वर भराव टाकायची परवानगी मिळाली.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. लूमच्या खडखडाटाने तुमचे कान कधीच नेले होते. घरीही तुम्ही आमच्या ओठांकडे बघून बोलायचात. शुक्रवारी लूम बंद, म्हणून तुम्ही मला पहिल्या एसटीने ओढ्यावर नेता. पावसाळ्यात कस्तूर शीळ घालतो, रिकामटेकड्या माणसासारखी, कुठलीच चाल पुरी न करता. ती तुम्हाला ऐकू येत नाही. मी हाताने दाखवते: वर गेली, खाली आली, थांबली. थंडीत मात्र तो गप्प असतो. अशाच एका थंडीतल्या सकाळी मी आठ वर्षांची आहे आणि कंटाळले आहे.

"काय गं, बोलतो का?"

"नाही. तो नाहीच इथे. चला घरी."

तुम्ही खडकावरची नांगी उचलून माझ्या नाकासमोर धरता. "मंग ह्यो खेकडा कोनी खाल्ला? तुज्या आज्यानं?" मी हसते. "गप हाय म्हनून न्हाय, असं न्हाय." तासाभराने तो समोर उतरतो. काळसर निळा, खांद्यावर चकाकता पट्टा, चोचीत खेकडा. दगडावर आपटून तो एकेक नांगी उडवतो.

आमच्या कंपनीच्या पाहणी-तक्त्यात दोनच रकाने आहेत, दिसला आणि ऐकू आला. साहेबांना फोटो दाखवला तर म्हणाले, "मॅडम, ही कुणाची पार्टी? पक्षी दिसला का? नाही ना? मग विषय खतम." मी वाद घातला नाही. मुंगसानेही खेकडे खाल्ले असतील, असं स्वतःला सांगितलं.

मागच्या आठवड्यात परत गेले. खालच्या बाजूने मुरूम पडायला लागला आहे. खडकाच्या वर कपारीत चिखल, शेवाळ आणि मुळ्यांचं जुनं घरटं आहे. जागा शाबूत असली की तो तिथेच परत येतो. पावसाच्या सुमारास तो शीळ घालू लागेल, तोवर कपार गाडली गेलेली असेल. अहवालाचं दुरुस्तीपत्र मी लिहून ठेवलं आहे. ते दिलं तर काम थांबेल, निदान पुन्हा पाहणी होईल. माझी नोकरी जाईल आणि या धंद्यात पुढे कुणी माझी सही घेणार नाही.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र खणातच राहील. मुंगसाचं खोटं होतं. नांगी हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं ती कुणी टाकली.

दुरुस्तीपत्रावर सही बाकी आहे. ते द्यायची मुदत शुक्रवारची आहे. त्या दिवशी लूम बंद असतात, तुम्हाला सवड असेल. संध्याकाळी पाचच्या आत कळवा.